अवजड मालवाहू वाहनाचा चालक होण्यासाठी: लायसन्स, प्रशिक्षण आणि पहिली नोकरी

भारतात ट्रकचे लायसन्स थेट मिळत नाही. त्याआधी हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जवळ असावे लागते, वयाची वीस वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण शाळेचा दाखला लागतो आणि त्यानंतर चाचणीचा टप्पा येतो. हा क्रम मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी ठरवलेला असल्यामुळे तो देशभर सारखाच आहे. या क्षेत्रात नव्याने येऊ पाहणाऱ्या तरुणांनी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे घाई करू नये, हे या लेखात सांगितले आहे. लायसन्स हातात पडले म्हणजे शिक्षण संपले असे समजण्याची चूक या व्यवसायात जिवावर बेतते, म्हणून कागदपत्रांइतकीच जागा प्रत्यक्ष काय शिकावे यालाही दिली आहे.

वय आणि पहिले लायसन्स

अधिनियमाच्या कलम ४ नुसार सार्वजनिक रस्त्यावर परिवहन वाहन, म्हणजे ट्रक, टेम्पो, बस यांसारखे माल किंवा प्रवासी वाहणारे वाहन, चालवण्यासाठी वय किमान २० वर्षे असले पाहिजे. कलम ७ नुसार, हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जवळ असल्याखेरीज परिवहन वाहनाचे शिकाऊ लायसन्स दिले जात नाही. इथे अनेकांची गफलत होते. मोटारसायकलचे लायसन्स कितीही जुने असले तरी ते या अटीसाठी धरले जात नाही; चारचाकीचे, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचेच लायसन्स लागते. म्हणून ज्याने हा व्यवसाय मनाशी ठरवला आहे, त्याने अठरा वर्षे पूर्ण होताच चारचाकीचे लायसन्स काढून ठेवावे, म्हणजे विसाव्या वर्षी त्याला एकही दिवस वाया घालवावा लागत नाही.

अवजड वाहन हातात येईपर्यंतचा काळ रिकामा घालवण्याचे कारण नाही. ज्याचे एकूण वजन, म्हणजे वाहन आणि माल मिळून होणारे अनुज्ञेय वजन, ७,५०० किलोपेक्षा जास्त नाही, ते वाहन कायद्याच्या व्याख्येत हलके मोटार वाहन ठरते. या मर्यादेतील मालवाहू वाहन चालवण्यासाठी हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. छोटा टेम्पोही परिवहन वाहनच असल्यामुळे वीस वर्षे पूर्ण झाल्यावर त्यावर काम केले, तर मालासह वाहन थांबायला किती अंतर घेते, मागे घेताना आरशात काय दिसते आणि काय दिसत नाही, हे तुलनेने कमी धोक्यात समजते. साडेसात ते बारा टनांपर्यंतची वाहने मध्यम आणि त्यावरची अवजड समजली जातात. थेट अवजड वाहनावर उडी मारण्यापेक्षा मध्यम वाहनावर काही महिने घालवणे कायद्याने बंधनकारक नसले, तरी माझ्या मते ते फार हिताचे असते.

पूर्वी परिवहन वाहनाच्या लायसन्ससाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे शाळा सुटलेल्या अनेकांना या व्यवसायाचा मार्ग मोकळा झाला, ही चांगली गोष्ट आहे. तरीही रस्त्यावरील फलक, माल पोहोचवण्याचे कागद आणि मोबाइलवरील नोंदी वाचता येणे रोजच्या कामात लागतेच. ज्याचे वाचन कच्चे आहे, त्याने प्रशिक्षणाबरोबरच तेही पक्के करून घ्यावे.

वैद्यकीय प्रमाणपत्र

परिवहन वाहनासाठी नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र नोंदणीकृत डॉक्टरांकडून घ्यावे लागते. दृष्टी, लाल आणि हिरवा रंग ओळखण्याची क्षमता, रातांधळेपणा, ऐकू येणे आणि हातापायांची हालचाल हे त्यातील मुख्य मुद्दे आहेत. दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून वाहनाची नंबरप्लेट वाचता येते का, ही त्यातली एक साधी कसोटी आहे, आणि ती आपण घरीच करून पाहू शकतो. चष्मा असल्यास अडचण नाही. मात्र तो लावूनच वाहन चालवावे. हे प्रमाणपत्र तपासणी न करता मिळवून देणारे लोक भेटतात. त्यांच्या नादी लागू नये, कारण रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील किंवा दिवसा सतत झोप येत असेल, तर ते आधी कळणे चालकाच्याच भल्याचे आहे.

शाळा निवडताना

परिवहन वाहनाच्या लायसन्ससाठी मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा नमुना ५ मधील दाखला आवश्यक असतो. नियम ३१ प्रमाणे परिवहन वाहनाचे प्रशिक्षण ३० दिवसांपेक्षा कमी असू शकत नाही आणि त्यात प्रत्यक्ष वाहन चालवण्याचे किमान १५ तास झाले पाहिजेत. प्रत्येक विद्यार्थ्याने किती तास वाहन चालवले याची नोंद शाळेने ठेवायची असते. प्रवेश घेतानाच ती नोंदवही पाहायला मागावी आणि रोजच्या सरावानंतर त्यात खरेच झालेला वेळ लिहिला जातो का, हे पाहावे.

जुलै २०२१ पासून दुसराही मार्ग उपलब्ध आहे, तो मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचा. या केंद्रांमध्ये मध्यम आणि अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, तो वर्गातील आणि प्रत्यक्ष अशा दोन भागांत विभागलेला असतो, आणि केंद्राकडे सिम्युलेटर (वाहन चालवण्याचा आभास देणारे सरावाचे यंत्र) व स्वतःचा चाचणी मार्ग असणे बंधनकारक असते. अशा केंद्रातून अभ्यासक्रम पूर्ण करून तिथली परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला आरटीओमधील वाहन चालवण्याच्या चाचणीतून सूट मिळते. आपल्या आवाक्यातील अंतरावर असे केंद्र असेल तर तेच निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन. सूट मिळते हे त्याचे दुय्यम कारण आहे. बंदिस्त मार्गावर, रहदारीची भीती न बाळगता, मोठे वाहन पुन्हा पुन्हा मागे घेण्याचा सराव करता येतो, हे खरे कारण.

साध्या शाळेत जायचे असेल, तर काही प्रश्न स्पष्ट विचारावेत. प्रशिक्षणाचे वाहन प्रत्यक्षात कोणते आहे, त्याला हवेचे ब्रेक आहेत का, ते कधी माल भरून चालवायला मिळते का, एका वेळी वाहनात किती विद्यार्थी असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला स्टीअरिंग किती मिनिटे येते? चार जणांना घेऊन तासभर फिरवले आणि चौघांच्याही नावावर एकेक तास लिहिला, तर नियमातले पंधरा तास कागदावर पूर्ण होतात आणि हातात चार तासही उतरत नाहीत. दाखला विकत देणाऱ्या ठिकाणाहून वाचलेले पैसे पुढे पहिल्याच घाटात कितीतरी पटींनी वसूल होतात.

पूर्वीपासून चालत आलेला मार्ग क्लीनर म्हणून उस्तादाबरोबर, म्हणजे जुन्या अनुभवी चालकाबरोबर, फिरण्याचा आहे, आणि त्याला मी कमी लेखत नाही. टायरवर हात मारून हवा ओळखणे, ताडपत्री घट्ट बांधणे, इंजिनाच्या आवाजातील फरक ऐकणे, माल उतरवून घेताना नग मोजणे, या गोष्टी चार भिंतींच्या वर्गात तितक्या चांगल्या येत नाहीत. मात्र शिकाऊ लायसन्स नसताना मध्यरात्री मोकळ्या रस्त्यावर उस्तादाने स्टीअरिंग हातात दिले, तर त्या क्षणी तो गुन्हा असतो. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो आणि शिकणाऱ्या मुलाचे पुढचे आयुष्य न्यायालयाच्या फेऱ्यांत जाते. अनुभव उस्तादाकडून अवश्य घ्यावा, पण शिकाऊ लायसन्स हातात आल्यावरच स्टीअरिंगला हात लावावा.

शिकाऊ लायसन्स आणि चाचणी

अर्ज परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर करता येतो. शिकाऊ लायसन्स सहा महिने वैध असते आणि ते मिळाल्यापासून किमान ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सच्या चाचणीला बसता येत नाही. या काळात वाहन चालवताना त्या प्रकारचे वैध लायसन्स असलेला प्रशिक्षक शेजारी, वाहन थांबवता येईल अशा जागी बसलेला असणे आणि वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावलेले असणे आवश्यक आहे.

चाचणी ज्या प्रकारच्या वाहनाचे लायसन्स हवे त्याच प्रकारच्या वाहनावर होते. आरसा व आसन नीट करणे, वाहन सुरू करून सुरळीत पुढे नेणे, इशारे देणे, वळण घेणे, चढावर थांबून मागे न घसरता पुढे निघणे, मर्यादित जागेत मागे घेणे, असे तिचे स्वरूप असते. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाल्यास शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते. चाचणीत सर्वाधिक लोक गडबडतात ते मागे घेताना. त्यासाठी सावकाश चालवणे आणि शंका आल्यास थांबून खाली उतरून पाहणे याची सवय सरावातच लावून घ्यावी. पुढे मालधक्क्यावर याच सवयीने माणसे वाचतात.

लायसन्स मिळाल्यावर त्याची नोंद सारथी संकेतस्थळावर आपल्या नावाने आणि वाहनाच्या योग्य प्रकारासह दिसते का, हे स्वतः तपासून घ्यावे. एजंटने आणून दिलेले कार्ड आणि सरकारी नोंद यांत तफावत निघाली, तर तिचे परिणाम एजंटला नव्हे, चालकाला भोगावे लागतात.

जे नीट शिकलेच पाहिजे: ब्रेक आणि उतार

चाचणीत कमी वेळ तपासला जाणारा आणि रस्त्यावर सर्वात जास्त लागणारा भाग म्हणजे ब्रेक. कारमध्ये पायाचा जोर तेलामार्फत चाकापर्यंत पोहोचतो. ट्रकमध्ये ब्रेक लावण्याचे काम दाबलेली हवा करते, आणि ती कंप्रेसरने टाक्यांत भरलेली असावी लागते. म्हणून इंजिन सुरू केल्यावर हवेचा काटा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबापर्यंत चढेपर्यंत वाहन जागचे हलवू नये. हवा भरल्यावर इंजिन बंद करावे, वाहन सपाट जागी आणि चाकाखाली ठोकळे लावलेले असताना ब्रेकचा पेडल दाबून धरावा आणि काट्याकडे पाहावे. काटा हळूहळू खाली येत राहिला, तर कुठेतरी हवा गळते आहे, आणि ती सापडल्याशिवाय निघायचे नाही. टाक्यांत साठलेले पाणी नियमितपणे काढून टाकणेही तितकेच महत्त्वाचे आहे. हवा फारच कमी झाली तर मागच्या चाकांवरील स्प्रिंगचे ब्रेक आपोआप लागतात आणि वाहन रस्त्याच्या मधोमध अडकते. ही सुरक्षेची सोय आहे, पण तिच्यापर्यंत वेळ येऊ देणे योग्य नाही.

आता उतार. वेग दुप्पट झाला की वाहनातील गतिज ऊर्जा चौपट होते, आणि भरलेल्या ट्रकच्या बाबतीत ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या ड्रमांत उष्णता होऊन जाते. लांब उतारावर पाय सतत पेडलवर ठेवला, तर ड्रम तापत जातात, फैलतात, लायनरची पकड कमी होते आणि शेवटी पेडल पूर्ण दाबूनही वाहन थांबत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे वेग इंजिनाने रोखणे. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. चढताना जो गिअर लागला असता तोच किंवा त्याहून खालचा, हा जुना आणि भरवशाचा आडाखा आहे. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनातून बाहेर पडणारा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक) असल्यास तो वापरावा. वेग ठरवलेल्या मर्यादेवर गेला की ब्रेक ठामपणे दाबून तो थोडा खाली आणावा आणि पाय पूर्ण काढून घ्यावा, म्हणजे ड्रमांना थंड व्हायला वेळ मिळतो. निम्म्या उतारावर गिअर बदलण्याचा प्रयत्न करू नये. गिअर पडला नाही तर वाहन न्यूट्रलमध्ये अडकते, आणि तिथून ते सावरणे अनुभवी चालकालाही कठीण जाते.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अजूनही शिकवली जाते, हे पाहून मला मनापासून चिंता वाटते. पुण्यात नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर ताबा सुटलेल्या अवजड वाहनांनी अनेकांचे जीव घेतले आहेत, आणि त्या अपघातांच्या चर्चेत ही सवय वारंवार पुढे आली आहे. त्यातून बचतही होत नाही. आजच्या डिझेल इंजिनात वाहन गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळजवळ बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळतच राहते. इंजिन बंद करून उतरणे तर आणखी घातक, कारण मग कंप्रेसर थांबतो, हवा भरली जात नाही आणि पॉवर स्टीअरिंगचा आधारही जातो. भोर घाट, कसारा, खंबाटकी यांसारख्या घाटांत पहिल्यांदा भरलेले वाहन घेऊन उतरताना शेजारी अनुभवी चालक असावा, आणि तशी मागणी करण्यात कमीपणा मानू नये.

वळणावर मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापून जातात. ट्रेलरमध्ये हा फरक आणखी मोठा असतो. डाव्या बाजूला केबिनच्या अगदी लगत उभा असलेला दुचाकीस्वार चालकाला दिसतच नाही, म्हणून डावीकडे वळण्याआधी थांबून आरसा दोनदा पाहावा.

माल आणि त्याचे वजन

माल कसा भरला आहे यावर वाहन कसे वळेल आणि कसे थांबेल हे अवलंबून असते. जड नग खाली आणि मधोमध असावेत, एका बाजूला भार झुकता कामा नये, आणि जे घरंगळू शकते ते साखळीने किंवा पट्ट्यांनी जखडलेले हवे. निघाल्यावर थोड्या अंतराने थांबून दोर आणि ताडपत्री पुन्हा पाहावी, कारण माल बसला की दोर सैल पडतात. अर्धवट भरलेल्या टँकरमधले द्रव पुढेमागे आणि डावीउजवीकडे हिंदकळते. ब्रेक लावल्यावर क्षणभराने ते पुढे येऊन वाहनाला ढकलते. त्यामुळे टँकर चालवण्याचे काम नवख्याने लगेच घेऊ नये.

अनुज्ञेय वजनापेक्षा जास्त माल भरल्यास कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे जाऊ दिले जात नाही. हे कलम वाहन चालवणाऱ्यालाही लागू होते. माल मालकाने भरायला लावला, हा बचाव चालकाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून काट्यावरची वजनाची पावती स्वतः पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून असावी.

धोकादायक मालासाठी वेगळी पात्रता

पेट्रोल, गॅस, आम्ल यांसारखा धोकादायक माल नेण्यासाठी अवजड वाहनाचे लायसन्स पुरेसे नसते. नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचे विशेष प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते आणि चालकाला इंग्रजीबरोबरच एक भारतीय भाषा वाचता-लिहिता येणे अपेक्षित असते. वाहनावरील आपत्कालीन माहितीचा फलक कसा वाचायचा, गळती झाल्यास वारा कोणत्या दिशेने आहे हे पाहून कुठे उभे राहायचे आणि सोबतचे ट्रेम कार्ड (मालाचे धोके आणि आपत्कालीन उपाय लिहिलेले कार्ड) मदतीला आलेल्यांच्या हाती कसे द्यायचे, हे त्यात शिकवले जाते. साधा माल वाहण्याचा चांगला अनुभव गाठीशी आल्यावरच या कामाकडे वळावे.

पहिली नोकरी

नोकरी घेण्याआधी वाहनाचे कागद पाहायला मागावेत: नोंदणी प्रमाणपत्र, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी आणि कराची पावती. फेरीला निघताना बिल्टी (माल वाहतुकीची पावती) आणि आवश्यक असल्यास ई-वे बिल (जीएसटीसाठी मालवाहतुकीचा ऑनलाइन काढलेला कागद) सोबत असावे, आणि ई-वे बिलाची मुदत अंतराप्रमाणे ठरत असल्यामुळे वाटेत वाहन बिघडल्यास ताबडतोब मालकाला कळवावे. फिटनेस संपलेले किंवा गुळगुळीत टायरांचे वाहन चालवायला नकार दिल्याने एखादी नोकरी हुकेल, पण अशी नोकरी हुकलेलीच बरी.

कामाच्या तासांबद्दल सुरुवातीलाच बोलून घ्यावे. मोटर परिवहन कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांतीची तरतूद केली होती. प्रत्यक्षात सलग बारा-चौदा तास चालवायला सांगितले जाते, आणि नव्या मुलाला नाही म्हणणे जड जाते. पहाटेच्या दोन ते पाचच्या दरम्यान शरीर झोप मागते. डोळे उघडे असतानाही काही सेकंद मेंदू बंद पडल्यासारखा होतो आणि ८० किलोमीटरच्या वेगाने एका सेकंदात वाहन सुमारे २२ मीटर पुढे गेलेले असते. चहा, तंबाखू किंवा गोळ्यांनी ही झोप जात नाही, ती झोपूनच जाते. लांबच्या फेरीवर दुसरा चालक आहे का, गाडी कुठे थांबवायची आणि उशिराचा दंड चालकाच्या पगारातून कापला जातो का, हे आधी विचारावे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकमध्ये वातानुकूलित केबिन बंधनकारक झाले आहे, त्यामुळे उन्हाळ्यातील थकवा कमी होईल. जुन्या गाड्यांवर मात्र पाणी आणि विश्रांती यांचेच भान ठेवावे लागते. मद्याबाबत मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण ट्रकवर बसणाऱ्याने ती शून्य समजावी.

पगार, फेरीचा भत्ता, वाटखर्चाचा हिशेब आणि भविष्य निर्वाह निधी यांबाबत तोंडी बोलण्यावर न थांबता लेखी घ्यावे, आणि रस्त्यात केलेल्या खर्चाच्या पावत्या एका वहीत लावून ठेवाव्यात.

अपघात झाल्यास कलम १३४ प्रमाणे जखमीला जवळच्या डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात पोहोचवणे आणि शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, पोलिसांना कळवणे ही चालकाची जबाबदारी आहे. जमाव संतापलेला असेल तर कायदा चालकाला तिथेच थांबण्याची सक्ती करत नाही, पण पोलीस ठाण्यात जाऊन माहिती देण्यापासून सूट देत नाही. मालक आणि विमा कंपनी यांचे क्रमांक मोबाइलशिवाय कागदावरही लिहिलेले असावेत.

परिवहन वाहनाचे लायसन्स पाच वर्षे आणि धोकादायक मालाच्या वाहनाचे तीन वर्षे वैध असते. नूतनीकरणासाठी मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो आणि त्या वेळी नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र पुन्हा लागते. मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त काळ लोटला तर चाचणी पुन्हा द्यावी लागते, म्हणून लायसन्स हातात आल्या दिवशीच त्याच्या मुदतीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.